फिरत्या कपाटाच्या अलीकडे

मी आजवर अकरा राजवाडे पाहिले, आणि अकराही मागच्या दारानं. पुढचं दार कसं असतं ते मला चित्रांच्या कार्डांवरून ठाऊक आहे. मागच्या दाराबद्दल मात्र मी अधिकारानं बोलू शकते. तिथे एक नळ असतो आणि तो गळत असतो. "इथं चूल पेटवायची नाही" हे सांगायला ठेवलेला एक माणूस असतो, आणि अर्धा कप चहा पोटात गेला की तोच माणूस काडेपेटी आणून देतो. संस्थानं गेली, तनखे गेले, सरकारं आली आणि गेली, पण मागच्या दाराच्या कारभारात कुणाला काही बदल करता आलेला नाही.

या अंकाच्या संपादकांनी अनुभव लिहा म्हणून निरोप धाडला, तेव्हा मला वाटलं त्यांचा पत्ता चुकला. माझा धंदा पोळ्या लाटण्याचा. नाशिकच्या एका यात्रा कंपनीत मी अठरा वर्षं होते. त्यातली बरीचशी पोळ्या लाटण्यात गेली आणि उरलेली दुसऱ्यांच्या पोळ्यांना नावं ठेवण्यात. नववीपर्यंत शाळा झाली आणि वाचनालयातलं पुस्तक कधी उशिरा परत केलं नाही, एवढंच माझं साहित्यिक भांडवल. संपादक म्हणाले, मोठ्या लोकांचे लेख खूप आले आहेत, तुमचा जरा वेगळा होईल. म्हणजे पंगतीत चटणी असते तसा. ठीक आहे, चटणी तर चटणी.

ज्यांनी अशा कंपनीबरोबर कधी प्रवास केला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठी माणसाला जग बघायची हौस फार, पण जगानं त्याला जेवायला वाढू नये असं त्याचं ठाम मत असतं. म्हणून कंपनी यात्रेकरूंबरोबर अख्खं स्वयंपाकघर पाठवते. बसच्या पोटात पातेली, पराती, गॅसच्या शेगड्या, डाळ-तांदळाची पोती, आणि बसच्या शेवटच्या बाकावर आम्ही. एक आचारी, दोन वाढपी आणि पोळ्या-भाकऱ्यांना दोन बायका. पहाटे नाशिकच्या द्वारका चौकातून बस सुटली की आमचं घड्याळ उलटं चालू होतं. चाळीस माणसं राजवाडा बघत असतात तेव्हा आम्ही त्यांच्या दुपारच्या पोळ्या करत असतो, आणि ती जेवून उठतात, भांडी होतात, तोवर बस सुटायची वेळ झालेली असते. त्यामुळे माझ्या लेखी ताजमहाल म्हणजे दीडशे पोळ्या आणि मटकीची उसळ. उदयपूरचं तळं म्हणजे भांडी घासायला मुबलक पाणी.

यात्रेकरूंचे नमुने लिहायला बसले तर अंक पुरणार नाही. देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार होते, ते रोज सकाळी आमच्या पातेल्यांची पाहणी करायचे आणि मागे हात बांधून "ठीक" म्हणायचे. एक बाई ताजमहालासमोर उभं राहून फोटो काढून घेताना मला खुणेनं विचारत होत्या की संध्याकाळी थालीपीठ आहे का. एक गृहस्थ पोळीचे पापुद्रे सोडवून मोजायचे. या सगळ्यांवर माझा जीव होता हेही सांगून ठेवते. घरी कुणी मला "पोळी मऊ झालीय हो मावशी" असं कधी म्हटलं नव्हतं. ते या लोकांनी म्हटलं.

पण दुसऱ्या दिवशीच्या चहाला एक प्रश्न हटकून यायचा. मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या? ऐकायला फार गोड प्रश्न. यात गाव विचारलेलं नसतं हे कळायला मला दोन यात्रा लागल्या. मखमलाबाद म्हटलं की पुढचा प्रश्न, तिथे कुठे? मळ्यात म्हटलं की, मळा कुणाचा? आमचाच, गुलाब आणि शेवंती करतो, असं म्हटलं की चेहरे मोकळे व्हायचे आणि चहा घशाखाली उतरायचा. आम्ही माळी. आमच्या शेवंतीवाचून त्यांच्या देवाचं पान हलत नाही, तेव्हा आमच्या हातची पोळी चालवून घ्यायला त्यांची हरकत नसायची. मीही तो प्रश्न आला की झटकन उत्तर द्यायचे, आणि आपण पास झालो याचा मला आनंद व्हायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला केव्हातरी माझ्या जोडीची बाई यात्रेच्या आदल्या दिवशी तापानं आडवी झाली. भावाच्या मळ्यात शेवंती तोडायला डोंगरातल्या पेठ तालुक्याकडची आदिवासी बाया-माणसं आली होती. दिवाळीनंतर तिकडची भातं निघाली की घराला कडी घालून अख्खी कुटुंबं नाशकाच्या बाजूला कामाला उतरतात, कुणी फुलांना, कुणी द्राक्षाला, कुणी बांधकामाला. त्यातली एक बाई दुपारी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. नाचणीची भाकरी, हातावर थापलेली, परात नाही, पोळपाट नाही, आणि काठापर्यंत सारखी पातळ. मी माझ्या हातांकडे पाहिलं. मग तिला विचारलं, येतेस का? तिचं नाव बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी.

ती "येते" म्हणाली, आणि मी कामाला लागले. बुधीची विमल केली. कपाळावरच्या गोंदणावर ठसठशीत कुंकू लावायला सांगितलं. हातभर गोंदण होतं, त्यासाठी माझे पूर्ण बाह्यांचे दोन ब्लाऊज दिले. कंपनीचा मॅनेजर विलास, त्याला सांगितलं की ही माझी मावसबहीण. विलासनं एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मावशी, तुमची जबाबदारी. विलास वाईट नव्हता. त्याला फक्त काही माहीत करून घ्यायचं नसायचं, आणि मॅनेजर होण्यासाठी तेवढं पुरतं.

बुधीनं माझ्याबरोबर दोन वर्षांत चार यात्रा केल्या. यात्रेकरू तिच्या भाकरीवर खूश. "विमलताई, तुमच्या हाताला चव आहे," असं म्हणत दुसरी भाकरी मागायचे. बुधीसाठी या कामाला किती किंमत होती ते मला माहीत होतं. तिची मुलगी गावच्या शाळेत चौथीत होती. आईचं काम टिकलं तर बाप आणि आजी घरी राहू शकत होते, घराला कडी लागत नव्हती आणि पोरीची शाळा सुटत नव्हती. बुधी हे सारखं सांगायची नाही. एकदाच म्हणाली होती, "यंदा घर उघडं हाय आमचं."

आता तो राजवाडा. नाव सांगत नाही, कारण तिथले राजेसाहेब तेव्हा हयात होते आणि माणूस चहा चांगला पाजायचा. गुजरातेत, पण आमच्या पेठच्या डोंगरांना अगदी लागून. आमच्या गुजरात यात्रेचा तो शेवटचा मुक्काम. तिथून जेवून निघालं की घाट चढून संध्याकाळपर्यंत नाशिक. राजेसाहेबांनी वाड्याचा अर्धा भाग लोकांना बघायला उघडला होता, आणि आमच्या कंपनीनं त्यात नवीच शक्कल काढली होती. यात्रेकरूंनी राजाच्या खुद्द भोजनगृहात, राजाच्या टेबलावर बसून जेवायचं. कागदावर छापलं होतं, "राजेशाही भोजन". प्रत्यक्षात पिठलं, भाकरी, ठेचा आणि स्टीलची ताटं.

आम्हाला मिळाला खरा मुदपाकखाना. एवढं मोठं स्वयंपाकघर मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. चुलीच एवढ्या की त्यावर माझं अख्खं घर शिजलं असतं. धूर जायला छताजवळ एक झरोका, तोही असा ठेवलेला की धूर बाहेर जावा पण आतल्या माणसाला बाहेरचं काही दिसू नये. आणि भोजनगृहाच्या बाजूच्या भिंतीत एक गोल लाकडी कपाट बसवलेलं. आपण आपल्या बाजूनं त्यात ताट ठेवायचं, कपाट ढकलायचं, ते गरकन फिरतं आणि ताट पलीकडे राजासमोर जातं. रिकामं ताट त्याच वाटेनं परत. राजाला जेवण मिळतं आणि स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही. यात्रेकरूंनी ते आधीच बघून घेतलं होतं आणि पलीकडून "काय डोकं आहे!" असं कौतुक ऐकू येत होतं. आवाज मात्र त्या कपाटातून इकडे-तिकडे आरपार यायचा. कारागिराचं तेवढ्याकडे दुर्लक्ष झालं असावं, किंवा नोकरांनी काय ऐकलं याला कुणी किंमत देत नसावं.

वाड्याचा चौकीदार म्हातारा होता, कागदासारखा वाळलेला. तो चहाला आला आणि बुधीकडे टक लावून बघत राहिला. चुलीच्या धगीनं तिचं कुंकू ओघळलं होतं आणि तिनं बाह्या वर सारल्या होत्या. त्यानं त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. बुधी दचकली, मग हसली, मग दोघांचं जे सुरू झालं ते काही थांबेना. चार यात्रांमध्ये मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हातारा तिच्याच डोंगरातला निघाला. गावाचं नाव ऐकून तो उठलाच आणि तिला म्हणाला, चल, तुला एक दाखवायचंय. भाकऱ्या झाल्या होत्या, दोन टोपल्या भरून झाकलेल्या होत्या. मी "जा" म्हटलं. जेवायला वेळ होता.

बराच वेळ झाला तरी ती येईना, म्हणून पिठाच्या हातांनी मी शोधायला गेले. राजवाड्याचा आतला भाग मी आयुष्यात पाहिला तो असा, पदराला हात पुसत. लांबच लांब दालन, छताला काचेची झुंबरं, त्यांच्यावर कोळ्यांची जाळी, भिंतीवर वाघांची मुंडकी आणि खाली चाळीस नाशिककर. सगळे एका मोठ्या फोटोसमोर उभे होते आणि प्राचार्य बोलत होते.

प्राचार्य आमचे नेहमीचे यात्रेकरू. निवृत्त झाले होते, पण निवृत्ती आवाजापर्यंत पोचली नव्हती. फोटो शिकारीचा होता. मधे खुर्चीवर राजा, पायाशी वाघ, बाजूला दोन गोरे साहेब, दोन कुत्री आणि मागे लंगोट्या लावलेल्या माणसांची रांग, हातात काठ्या आणि ढोल. हे हाकारे. जंगलात ओळीनं ढोल पिटत चालायचं आणि वाघाला राजाच्या बंदुकीपुढे आणून सोडायचं, हे त्यांचं काम. दर घराचा एक माणूस, बिनमजुरीचा, भाकरी स्वतःची. फोटोखाली नावं छापली होती. राजाचं, दोन्ही साहेबांचं, कुत्र्यांचीसुद्धा. शेवटी "व इतर".

प्राचार्यांनी आवाज चढवला होता. सत्ता म्हणजे काय ते इथे दिसतं, ते सांगत होते, कुत्र्याला नाव आहे आणि माणसाला नाही. बोलले ते खरंच होतं, आणि बोललेही फार सुरेख. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावला. मग त्यांनी फोटोच्या कडेला बोट दाखवलं. सगळे हाकारे उभे होते, एकटाच खाली बसला होता, मांडीला फडकं बांधलेलं. "या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहा," प्राचार्य म्हणाले. "याच्या वेदनेला साधं नावही नाही."

"नाव हाय की," मागून बुधी म्हणाली. "देवजी. माझा आजा हाय त्यो."

ती पुढे आली. तिला वाटलं, सगळे त्याच्याचबद्दल तर बोलतायत. आनंदानं तिचं तोंड फुललं होतं. वाघानं मांडी धरली म्हणून बसलाय, नंतर जन्मभर लंगडत चालायचा, पण ढोल त्याच्यासारखा कुणी वाजवत नव्हतं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. घरी आज्याचा फोटो नव्हता. बापानं नुसतं सांगितलं होतं की राजाकडं हाय. तिनं काचेवर बोट ठेवलं. काचेवर पिठाचा ठसा उमटला.

प्राचार्यांनी दाखवलेलं बोट खाली घेतलं. अन्याय भिंतीवर असतो तोवर त्यावर बोलता येतं. तो भाकरीच्या पिठानं भरलेले हात घेऊन शेजारी येऊन उभा राहिला की पंचाईत होते. पहिल्यांदा भानावर आल्या त्या माई. माई म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, सोवळं-ओवळं जमेल तेवढं पाळणाऱ्या. त्यांनी बुधीच्या उघड्या हातांवरचं गोंदण पाहिलं, मग फोटोतल्या लंगोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळ्यांना भूक लागली होती, सगळे भोजनगृहाकडे निघाले.

मी आणि बुधी परत मुदपाकखान्यात आलो. बुधी ताटं पुसायला लागली. कपाटातून पलीकडचा आवाज स्वच्छ येत होता. माई म्हणत होत्या की प्रश्न जेवणाचा नाही, फसवणुकीचा आहे. आणखी कुणी म्हणालं, आम्ही काही जात मानत नाही, पण सांगायला नको का? दुसरं कुणी म्हणालं, स्वच्छतेचा भाग असतो शेवटी. बुधीइतकी स्वच्छ बाई मी पाहिली नाही. माझ्या हाताला तपकिरीचा वास असायचा तो इतकी वर्षं कुणाला आला नव्हता. ज्या टेबलावर राजेसाहेबांचे वाडवडील न्यायनिवाडे करत असतील, त्याच टेबलावर आमच्या लोकांचा दरबार भरला होता. स्टीलची रिकामी ताटं पुढ्यात घेऊन.

विलास मला बोलवायला आला. मी गेले. उंच पाठींच्या खुर्च्यांवर चाळीस माणसं बसली होती आणि मी टेबलाच्या टोकाला उभी. माईंनी शांतपणे विचारलं, "विमल तुमची मावसबहीण आहे ना? खरं सांगा."

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. नोकरी आली. विलासचं "तुमची जबाबदारी" आलं. दुसऱ्या दिवसाच्या चहाचा तो प्रश्न आला, आणि या लोकांनी मला त्यात पास केलेलं होतं तेही आलं. खरं सांगायचं तर हे शेवटचंच सगळ्यात जड होतं. कपाटाच्या पलीकडे बुधी ऐकत होती हेही मला माहीत होतं.

"नाही माई," मी म्हटलं. "ती माझी कुणी नाही. मळ्यावर कामाला होती. मला काही माहीत नव्हतं."

पहिली दोन वाक्यं खरी होती असं कुणी म्हणेल. तिसऱ्यानं मी सगळी फसवणूक बुधीच्या गळ्यात बांधली आणि स्वतः मोकळी झाले. माई "असो" म्हणाल्या. निकाल द्यायचं काम आपोआप प्राचार्यांकडे गेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि व्यक्तिशः आपल्याला यात काहीच गैर वाटत नाही, हे आधी नोंदवलं. पण ज्येष्ठांच्या भावनांचा विचार करायला हवा. तेव्हा त्या बाईंचा योग्य सन्मान राखून, त्यांचं गाव वाटेवरच असल्यामुळे त्यांना तिथे उतरवावं, आणि यापुढे कंपनीनं काळजी घ्यावी. सर्वांनी माना डोलावल्या. राजानं एवढा विचार करून निकाल दिला नसता. त्याला सन्मानाचं वगैरे सुचलं नसतं.

मग कुणीतरी विचारलं की भाकऱ्यांचं काय. जवळपास दुसरं हॉटेल नव्हतं आणि पिठल्याचा वास कपाटातून येत होता. प्राचार्य म्हणाले, अन्नाला जात नसते. या विचाराला तात्काळ एकमत मिळालं. मी आत गेले. बुधीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं ताटं कपाटात ठेवली, मी कपाट फिरवलं, ती ताटं ठेवत गेली, मी फिरवत गेले. भाकऱ्यांच्या दोन्ही टोपल्या रिकाम्या झाल्या. प्राचार्यांनी तीन खाल्ल्या. माईंनी दहीभात घेतला, तो आचाऱ्यानं केलेला.

घाट चढल्यावर एका फाट्यावर बस थांबली. बुधीनं माझे दोन ब्लाऊज घडी करून बाकावर ठेवले होते. ती उतरली तशी खिडक्या उघडल्या. कुणी उरलेला चिवडा दिला, कुणी वापरलेली साडी, कुणी तिच्या मुलीसाठी बिस्किटांचा पुडा. प्राचार्यांनी हात जोडून निरोप घेतला. बस सुटली तेव्हा सगळ्यांना फार बरं वाटत होतं, आणि थोड्याच वेळात गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. मी शेवटच्या बाकावर परात धरून बसले होते, घाटात ती घसरते म्हणून.

पुढच्या यात्रेपासून कंपनीनं स्वयंपाकाचा सगळा कारभार माझ्याकडे दिला. मावशी विश्वासू आहेत, असं शेठ म्हणाले. त्या दिवाळीनंतर बुधीच्या घराला कडी लागली. माझ्या भावाला ती सायखेड्याच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत दिसली, नवरा, सासू आणि मुलगी बरोबर. मुलगी औषधाचे डबे उचलत होती. भावानं सहज सांगितलं, मीही सहज ऐकलं आणि पीठ चाळायला घेतलं. प्राचार्यांनी त्या फोटोवर एका रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला. त्यात देवजी हे नाव आपल्याला "स्थानिक सूत्रांकडून" मिळालं असं म्हटलं होतं. लेख चांगला होता. मी वाचनालयात दोनदा वाचला.

सात-आठ वर्षांनी जग बदललं. शेठचा मुलगा गादीवर आला, म्हणजे फिरत्या खुर्चीवर. आता शहरातल्या लोकांना जे जे पूर्वी चालत नव्हतं ते ते हवंसं झालं होतं. नाचणी डॉक्टर लिहून देऊ लागले होते. त्याच राजवाड्यात कंपनीनं नवा कार्यक्रम आखला: हिरवळीवर चूल, तिच्यापाशी अंगभर गोंदलेली खरीखुरी आदिवासी बाई, आणि पाहुण्यांसमोर हातावर थापलेली भाकरी. छोट्या शेठना कुठूनतरी कळलं होतं की मावशींच्या ओळखीची अशी एक बाई होती. बाह्या आखूड हव्यात, एवढं त्यांनी बजावून सांगितलं. मी गेले. पाय मोडलाय, जमणार नाही, असं काहीही सांगता आलं असतं. पण तिला बघायचं होतं, आणि निमित्ताशिवाय जायचं तोंड नव्हतं.

बुधीचं घर उघडं होतं. केस पांढरे झाले होते. मुलगी लग्न होऊन गेली होती, शाळा चौथीच्या पुढे गेली नव्हती. बुधीनं मला ओळखलं, पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं, आणि काही न विचारता चुलीपाशी बसून भाकरी थापायला घेतली. मी माझं काम सांगितलं. राजवाडा, हिरवळ, पाहुणे, सगळं. या वेळी पुढच्या दारानं जायचंय, असंही म्हटलं. तेवढी अक्कल मी तिथेही पाजळली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी नाय येत," ती म्हणाली. रागानं नाही. मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मावशी, एक इचारू? त्या दिवशी तुमी 'हाय माझी भन' म्हनला असता, तर काय झालं असतं?"

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की नोकरी गेली असती, बदनामी झाली असती, घर उघड्यावर पडलं असतं. तिच्या चुलीसमोर बसून पहिल्यांदा नीट हिशेब मांडला. चाळीस माणसं भुकेली होती. भाकऱ्या तयार होत्या. यात्रा त्याच दिवशी संपत होती. माईंनी दहीभात तसाही खाल्लाच होता. विलास चार शब्द बोलला असता आणि पुढच्या यात्रेला पुन्हा मलाच हाक मारली असती, कारण दीडशे पोळ्या लाटणारी बाई त्याला एका रात्रीत मिळणार नव्हती. त्या टेबलावर बसलेल्यांच्या हातात काहीच नव्हतं. जे होतं ते मी नेऊन दिलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "काही झालं नसतं बुधी."

तिनं भाकरी माझ्या ताटात ठेवली.

"मला बी तवा तसंच वाटलं व्हतं," ती म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.